विष्णुपुरीचा दरवाजा उघडला तर मेसेज येतो. समुद्रातून डांबर आलं तर?

पोस्ट मोठी आहे मित्रांनो. चहा घेऊन बसा.

मागच्या मे महिन्यात लेकरांच्या हट्टापायी कोकणात गेलो होतो. नांदेडहून देवगिरी एक्सप्रेस, मग गेटवेहून बोटीनं मांडवा, अलिबाग आणि तिथून एसटीनं काशीद. आपण मराठवाड्यातली माणसं. समुद्र म्हणलं की आधी चपला हातात घेतो आणि मग फोटो काढतो. आम्हीही तेच केलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी लांब समुद्रात एक विचित्र गोष्ट दिसली. तीन मोबाइल टॉवर उभेच्या उभे पाण्यातून चाललेत, असं वाटत होतं. पुढं दोन-तीन छोट्या बोटी. आम्ही ज्यांच्याकडं मुक्कामाला होतो त्या काकींना विचारलं. त्या म्हणल्या, "रिग हाय ती दादा, तेलवाल्यांची. नेतात कधी इकडं, कधी तिकडं." धाकट्यानं फोटो काढला. अंधार पडल्यावर रिगवरचे दिवे दिसायला लागले. छान दिसत होतं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर गेलो तर लाटांच्या रेषेवर काळ्या गोळ्या पडलेल्या. काही वाटाण्याएवढ्या, काही लिंबाएवढ्या. पोरगी पळत गेली आणि रडत आली. दोन्ही तळपाय काळे, फ्रॉकला डाग, बोटांच्या मधे चिकट डांबर. काकींनी खोबरेल तेलाची बाटली आणि जुनं फडकं आणून दिलं. अर्धा तास पाय पुसत बसलो.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर खाली कमेंटमध्ये तेच होईल. आदल्या दिवशी दिसलेल्या रिगमुळंच ते डांबर आलं, असं मी म्हणत नाही. माझ्याकडं पुरावा नाही. बहुतेक तसं नसेलही, कारण असे गोळे तयार व्हायला दिवस लागतात. तेल समुद्रात सांडलं की त्यातला हलका भाग उडून जातो. उरलेलं जड तेल पाण्यात घुसळलं जातं, घट्ट होतं, लाटांनी फुटून त्याचे गोळे होतात. पावसाळ्याच्या तोंडावर वारं नैऋत्येकडून वाहायला लागलं की ते सगळं आपल्या किनाऱ्याला येऊन लागतं. म्हणून दरवर्षी मे ते सप्टेंबरच्या दरम्यान गोवा, कोकण, गुजरात इथून त्याच बातम्या येतात.

"दरवर्षीचाच हाय दादा," काकी म्हणल्या. "पाऊस जवळ आला का येतंच."

त्याच सकाळी त्यांच्याकडची दोन कुटुंबं एक दिवस आधी निघून गेली. त्यांचीही चूक नाही, पैसे खर्चून कोण डांबर बघायला येतं? काकींनी एका दिवसाचे पैसे परत दिले. मे महिना म्हणजे त्यांचा सुगीचा काळ. त्या महिन्याच्या कमाईवर पुढचा पावसाळा काढायचा असतो. मी विचारलं, "काकी, याची भरपाई कोण देतं?" त्या हसल्या. म्हणल्या, "मागू कोणाकडं? समुद्राकडं?"

हे वाक्य डोक्यातून जाईना म्हणून ही पोस्ट.

पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हा सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: काय, कुठे, कधी, कोण, का, कसं. यातलं एक जरी नसलं तरी बातमी लंगडी. आता किनाऱ्यावर आलेल्या डांबराच्या गेल्या वीस वर्षांतल्या बातम्या काढून बघा. काय आलं ते असतं. कुठं आलं, कधी आलं तेही असतं. पर्यटक हैराण, मच्छिमार नाराज, हेही असतं. फक्त "कोण" नसतं. तेल काय आभाळातून पडतं का?

बरं, "कोण" हे कळतच नाही, असंही नाही. गंमत तिथंच आहे.

माणसाच्या बोटांचे ठसे असतात तसे तेलाचेही असतात. प्रत्येक खाणीतल्या तेलात काही विशिष्ट रसायनं विशिष्ट प्रमाणात असतात आणि गोळा झाला तरी ती बरीचशी टिकून राहतात. प्रयोगशाळेत तपासलं की हे तेल आखातातलं, हे आग्नेय आशियातलं, हे आपल्याच मुंबई हायचं, असा अंदाज बांधता येतो. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी गोव्याच्या किनाऱ्यावरच्या गोळ्यांवर हेच काम केलंय. काही गोळे टँकरच्या टाक्या धुतलेल्या पाण्यातून आल्यासारखे निघाले, तर काहींचं नातं मुंबई हायच्या तेलाशी जुळलं.

तेल कुठून वाहत आलं आणि पुढं कुठं जाणार, हे सांगणारी व्यवस्थाही आपल्याकडं आहे. आपल्या शेजारच्या हैदराबादमध्ये भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे, त्याला इन्कॉइस म्हणतात. वारा आणि प्रवाह बघून सांडलेलं तेल कुठल्या दिशेला जाईल, याचा अंदाज ते केंद्र देतं. म्हणजे ठसे तपासणारी प्रयोगशाळा आहे, माग काढणारं यंत्र आहे. मग काकींना उत्तर का मिळत नाही?

मी परत आल्यावर फोन लावले. कार्यालयांची नावं घेत नाही. पहिल्या ठिकाणी सांगितलं, हे आमच्याकडं येत नाही, दुसरीकडं विचारा. दुसऱ्यांनी तिसरीकडं पाठवलं. तिसऱ्या साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही नांदेडचे ना? तुमचा काय संबंध?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर देतो.

साहेब, आमच्या ट्रॅक्टरमधलं डिझेल कुठून येतं? विष्णुपुरीच्या फाट्यावरून विद्यापीठाकडं आणि दवाखान्याकडं दिवसभर ज्या ऑटो, मोटारसायकली, अँब्युलन्स पळतात, त्या काय गोदावरीच्या पाण्यावर पळतात? तेल जाळताना आम्ही सगळे भागीदार आणि तळपाय काळे होताना फक्त काशीदच्या काकी, हा हिशोब मला पटत नाही.

थोडा इतिहास बघू. १९७४ च्या फेब्रुवारीत "सागर सम्राट" नावाच्या रिगनं मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राखाली तेल शोधलं. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तेलाच्या किमतींनी जगाचं कंबरडं मोडलेला तो काळ होता. मुंबई हायनं तेव्हा देशाला हात दिला, हे नाकारणारा माणूस कृतघ्नच म्हणावा लागेल. आजही देशात निघणाऱ्या तेलात या भागाचा वाटा मोठा आहे. आणि तरीही आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. त्यामुळं "रिग बंद करा" अशी घोषणा मी देणार नाही. ती घोषणा देऊन घरी जाताना मलाही पंपावर थांबावं लागतं.

पण या पन्नास वर्षांत काय काय झालं, तेही त्याच वहीत लिहायला पाहिजे.

१९९३ च्या मे महिन्यात मुंबई हायवरून उरणला तेल आणणारी पाइपलाइन फुटली. हजारो टन तेल समुद्रात गेलं. काशीदच्या शेजारच्या मुरूडच्या किनाऱ्यावरच्या जीवांवर त्याचा काय परिणाम झाला, याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी तेव्हा केला, तो छापलेला आहे. २००५ मध्ये मुंबई पुरात बुडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, मुंबई हायवर एक जहाज प्लॅटफॉर्मला धडकलं आणि आग लागली. जहाजावरच्या एका स्वयंपाक्याची बोटं कापली होती, त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर चढवत होते. एवढ्या साध्या कामातून २२ माणसं गेली. पुराच्या बातम्यांखाली ती बातमी दबली, आज किती जणांना आठवते?

आणि २०२१ चं तौक्ते वादळ. हवामान खात्यानं आधीच इशारा दिला होता. तरी तेलक्षेत्रात काम करणारे मोठे तराफे समुद्रातच राहिले. १७ मे रोजी "पी-३०५" हा तराफा बुडाला. त्याच्यावर २६१ माणसं होती. तो आणि "वरप्रदा" ही टगबोट मिळून ८० च्या वर माणसं गेली. त्याच वादळात "गॅल कन्स्ट्रक्टर" नावाचा दुसरा तराफा वाहत वाहत थेट पालघरच्या किनाऱ्याजवळ आला, त्यावरच्या १३७ जणांना वाचवलं. रिग आणि तराफे लांब समुद्रात असतात, किनाऱ्याचा काय संबंध, असं ज्यांना वाटतं त्यांनी पालघरच्या लोकांना विचारावं.

समुद्रात जाणाऱ्यांत आपल्याकडची पोरंही आहेत बरं का. माझ्या ओळखीचा एक मुलगा इथंच आयटीआय करून वेल्डर म्हणून समुद्रावर जातो. काशीदहून आल्यावर त्याला विचारलं, ते तीन टॉवर काय होते? तो म्हणला, "काका, ते रिगचे पाय. काम करताना पाय समुद्राच्या तळाला टेकवतात आणि रिग वर उचलतात. हलवायची असली की पाय वर घेतात, रिग पाण्यावर तरंगते, मग टग ओढून नेतात. माणूस भरभर चालतो, तेवढाच वेग." मी विचारलं, धोका? म्हणला, "हलवतानाच जास्त जपावं लागतं. म्हणून समुद्र शांत बघून, पावसाळ्याच्या आत उरकतात."

म्हणजे रिग हलवण्याचे दिवस, पर्यटनाचे शेवटचे दिवस आणि १ जूनची मासेमारी बंदी लागायच्या आधीचे शेवटचे दिवस, हे सगळे एकाच महिन्यात. मच्छिमाराची शेवटची कमाई, होमस्टेवाल्याची शेवटची कमाई आणि त्याच पाण्यातून चाललेला लोखंडी डोंगर.

आता माझा मूळ मुद्दा.

आपल्या विष्णुपुरीला पावसाळ्यात काय होतं? वरून पाणी आलं, दरवाजे उघडायची वेळ आली, की मेसेज येतो. किती दरवाजे उघडले, किती विसर्ग चालूय, नदीकाठच्यांनी जनावरं आणि मोटारी काढून घ्या, पात्रात उतरू नका. तलाठ्याच्या ग्रुपवर येतो, आमच्या पत्रकारांच्या ग्रुपवर येतो, तिथून गावोगाव जातो. कधी मध्यरात्री येतो, कधी उशिरा येतो आणि आम्ही त्याबद्दल लिहितोही. पण येतो. कारण हे तत्त्व आता सगळ्यांना मान्य आहे की वरच्यानं दार उघडलं तर खालच्याला सांगितलंच पाहिजे. खालचा माणूस काही उपकार मागत नाही, त्याचा तो हक्क आहे.

रिग हलते तेव्हा सूचना निघत नाही का? निघते. समुद्रातल्या धोक्यांच्या सूचना डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयातून निघतात आणि जहाजांना मिळतात. त्यांची भाषा इंग्रजी, त्यात अक्षांश-रेखांश. मोठ्या जहाजाच्या कप्तानाला कळतं की अमुक रिग अमुक जागी आहे. काशीदच्या काकींना, मुरूडच्या मच्छिमार सोसायटीला, हर्णैच्या तांडेलाला समजेल असं मराठीत कोण सांगतं?

तेल सांडलं तर काय करायचं याची राष्ट्रीय योजनाही आहे, तटरक्षक दल त्याचं प्रमुख. समुद्रातलं तेल त्यांनी बघायचं. पण तेल वाळूवर आलं की साफ करायची जबाबदारी येते राज्याच्या आणि स्थानिक यंत्रणांच्या अंगावर. काशीदला मी काय बघितलं? चार माणसं, दोन घमेली, एक फावडं. हातमोजे नाहीत. गोळा केलेलं डांबर वाळूत खड्डा करून पुरलं. पुढच्या भरतीला ते परत वर येणार, हे त्यांनाही माहीत होतं.

आणि पैशाचं? इथं कायद्यातली एक फट आहे, ती माहीत करून घ्या. तेलवाहू टँकरमधून तेल सांडलं तर भरपाईसाठी आंतरराष्ट्रीय करार आहेत, निधी आहे, भारत त्यात सामील आहे. पण समुद्रातल्या तेलविहिरीतून, प्लॅटफॉर्मवरून तेल सांडलं तर तसा जागतिक करारच नाही. मग उरतो देशातला कायदा आणि कोर्ट. २०११ च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ "एमव्ही रॅक" हे कोळशाचं जहाज बुडालं, तेल पसरलं. राष्ट्रीय हरित लवादानं १०० कोटींचा दणका दिला, तो २०१६ मध्ये. पाच वर्षांनी. आणि तिथं तर बुडालेलं जहाज डोळ्यासमोर होतं, नाव होतं, मालक होता. काकींच्या डांबराला नावच नाही, तर त्या कुठल्या लवादात जाणार?

बाहेर काय झालं बघा. २० एप्रिल २०१० ला अमेरिकेच्या दक्षिणेला मेक्सिकोच्या आखातात "डीपवॉटर होरायझन" रिगवर स्फोट झाला. ११ कामगार गेले, ८७ दिवस तेल वाहत राहिलं. पण दोन महिन्यांच्या आत तेल कंपनीला २० अब्ज डॉलरचा भरपाई निधी जाहीर करावा लागला. मच्छिमारच नाही, ज्यांची हॉटेलं रिकामी राहिली त्यांनीही दावे केले. तिथंही भांडणं झाली, वकील गब्बर झाले, ते सगळं खरं. पण रिकाम्या खोलीला नुकसान म्हणतात, हे तिथं मान्य झालं.

कॅरिबियन समुद्राकाठचा बेलीझ हा चिमुकला देश. प्रवाळ आणि पर्यटक यावर त्याचं पोट. त्यानं २०१७ च्या डिसेंबरमध्ये कायदा करून आपल्या समुद्रातलं तेल शोधणंच थांबवलं. आपल्याला तसं करता येणार नाही, एवढ्या मोठ्या देशाची भूक वेगळी. उलट आपल्या समुद्रात पूर्वी तेलशोधासाठी बंद असलेला फार मोठा भाग गेल्या काही वर्षांत खुला केलाय. करा खुला. पण मग जितक्या रिग वाढतील तितकी किनाऱ्याला सांगायची जबाबदारीही वाढली पाहिजे की नाही?

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहीलच, "पत्रकार साहेब, आधी गोदावरीत सोडलेलं सांडपाणी बघा." बघतो. लिहितोही. त्या नदीकाठी राहूनच मला हे कळलंय की सांडपाण्याचा नाला कुणाचा हे एकदा ठरलं की निम्मं काम होतं. जोपर्यंत तो "सगळ्यांचा" असतो तोपर्यंत कुणीच हात घालत नाही.

दुसरा कुणी लिहील, "या असल्या पोस्टनी पर्यटन बुडतं, लोक कोकणात जायचे बंद होतील." हेच मला काकींच्या शेजाऱ्यानंही सांगितलं होतं, छापू नका म्हणून. त्याची भीती मला समजते. पण दडवून काय झालं? ती दोन कुटुंबं काय बातमी वाचून परत गेली का? पाय काळे झाले म्हणून गेली. उलट आदल्या दिवशी कळलं असतं की आज गोळे येऊ शकतात, तर आम्ही सकाळी जंजिरा बघायला गेलो असतो आणि काकींकडंच राहिलो असतो. माहिती मिळाली असती तर त्यांचे ग्राहक टिकले असते.

मागण्या मोठ्या नाहीत. तीनच आहेत.

एक, रिग किनाऱ्याजवळून जाणार असेल तर जहाजांना जाणारी तीच सूचना सोप्या मराठीत किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायती आणि मच्छिमार सोसायट्यांना जावी. तेल सांडलं आणि ते किनाऱ्याकडं येतंय असा अंदाज निघाला, तर तोही तसाच जावा. विष्णुपुरीच्या मेसेजसारखा. याला खर्च काय लागतो?

दोन, डांबर आलं की चोवीस तासांत नमुना घ्यायचा, ठसा तपासायचा आणि निकाल जाहीर करायचा. आपल्या समुद्रात तेल काढणाऱ्या प्रत्येकाच्या तेलाचा नमुना आधीच जमा असला पाहिजे. निकाल "परदेशी टँकर" आला तर तसं सांगा. "मुंबई हाय" आला तर तसंही सांगा. यात तेल कंपनीचाही फायदा आहे, विनाकारण संशय तरी जाईल. आज तिच्याकडं बोट दाखवायला पुरावा नाही आणि तिला हात वर करायलाही नाही.

तीन, समुद्रातून निघणाऱ्या तेलावर नाममात्र रक्कम बाजूला काढून किनाऱ्यासाठी कायमचा निधी ठेवायचा. "कोण" हे ठरेपर्यंत काकींना थांबायला लावायचं नाही. त्यांच्या रिकाम्या खोलीचे, मच्छिमाराच्या डांबरानं खराब झालेल्या जाळ्याचे पैसे आधी द्यायचे, वसुली नंतर ज्याची त्याच्याकडून करायची. त्यासाठी लिटरमागं काही पैसे आपल्या खिशातून गेले तर जाऊ द्या. जाळतोय आपणच.

परवा काकींना फोन केला. म्हणलं, तुमच्यावर लिहितोय, नाव घालणार नाही. त्या म्हणल्या, "लिहा दादा. पण पुढच्या वर्षी या. पोरीला सांगा, खोबरेल तेल मी भरून ठेवलंय."

एवढ्या मोठ्या तेलाच्या धंद्यात किनाऱ्याच्या बाजूनं केलेली तयारी सध्या एवढीच आहे. काकींची खोबरेल तेलाची बाटली.

पटलं तर पुढं पाठवा. कोकणातल्या मित्रांना तर नक्की पाठवा. त्यांच्या गावात यंदा डांबर आलं असेल तर तारीख आणि गाव खाली लिहायला सांगा, फोटो असेल तर उत्तम. "काय, कुठे, कधी" एवढं तरी आपण गोळा करू. "कोण" हे विचारायला मग माझ्यासारखा एकटा माणूस तीन कार्यालयांत फोन करत बसणार नाही, यादी घेऊन जाईल.

आणि नाही पटलं तर खाली भांडा. पण भांडताना गाडीत तेल कुठलं भरता, तेही लिहा.